वसाहतवादी, वसाहतकार की वसाहतवासी?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयीच्या एका उताऱ्याचे मराठी रूपांतर करताना एका वाचकाने असे वाक्य लिहिले आहे : ‘वसाहतवाद्यांनी चहावरील अन्यायी कराविरुद्ध आवाज उठवला.’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि चहाच्या संदर्भात ‘कर’ म्हणावे की ‘जकात’, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

‘वसाहतवादी’ हा शब्द येथे चालणार नाही. ‘वादी’ हे उत्तरपद एखाद्या मताचा किंवा धोरणाचा पुरस्कर्ता दाखवते. साम्राज्यवादी म्हणजे साम्राज्याचे धोरण मानणारा, साम्राज्यात राहणारा नव्हे. त्याच न्यायाने वसाहतवादी म्हणजे दुसऱ्यांच्या भूमीवर सत्ता स्थापून ती आपल्या लाभासाठी राबवणारा. वरच्या वाक्यात हा शब्द ठेवला, तर ज्यांनी कर लादला त्यांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला असा उलटा अर्थ निघतो. कर लादणारी होती लंडनची संसद, आणि तीत अमेरिकेतील तेरा वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता.

ही चूक अनेक जाणत्या लेखकांकडूनही होते आणि तिचे कारण आपल्याच इतिहासात आहे. हिंदुस्थानात इंग्रज राज्य करण्यास आले, पण पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहणारा मोठा इंग्रज समाज येथे रुजला नाही. वडाळ्याचा किंवा शिरोड्याचा १९३० मधील मिठाचा सत्याग्रह आठवणाऱ्या मराठी मनात कर बसवणारा इंग्रज आणि कर सोसणारा येथला माणूस अशी स्पष्ट विभागणी असते, आणि ‘वसाहत’ हा शब्द राजकीय अर्थाने बहुधा ‘वसाहतवाद’ याच रूपात आपल्या कानांवर पडलेला असतो. एरवी आपली वसाहत म्हणजे औद्योगिक वसाहत किंवा कर्मचाऱ्यांची वसाहत. अमेरिकेत मात्र कर बसवणारे आणि त्याला विरोध करणारे हे दोघेही इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन होते, आणि विरोध करणाऱ्यांची तक्रार हीच होती की इंग्लंडमधील प्रजेला असलेला हक्क समुद्र ओलांडल्यामुळे नाहीसा होऊ नये.

मग कोणता शब्द वापरावा? ‘वसाहतकार’ रूढ आहे आणि तो चूक नाही. तरीही ‘कार’ म्हणजे करणारा. १६०७ मध्ये जेम्सटाउनला किंवा १६२० मध्ये प्लिमथला जाऊन ज्यांनी वस्ती उभारली, त्यांना तो चपखल बसतो. १७६५ मध्ये मुद्रांक कायद्याविरुद्ध उभे राहिलेले अनेक लोक तेथेच जन्मलेले होते. बेंजामिन फ्रँकलिन १७०६ मध्ये बोस्टनमध्ये जन्मले; त्यांनी वसाहत केली नव्हती, ते वसाहतीत लहानाचे मोठे झाले होते. म्हणून या काळासाठी मला ‘वसाहतवासी’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. घडण नगरवासी, देशवासी यांसारखीच आहे. त्याचे सामान्यरूप करताना ‘वसाहतवासीयांनी’ असे न लिहिता, ‘आदिवासींनी’ याप्रमाणे ‘वसाहतवासींनी’ असे लिहावे, कारण मूळ शब्द ‘वासी’ आहे, ‘वासीय’ नाही.

एक गोष्ट मात्र नमूद केलीच पाहिजे. हेच वसाहतवासी मूळ रहिवाशांच्या जमिनींवर पसरत होते, आणि अ‍ॅपलेशियन पर्वतांच्या पश्चिमेस वस्ती करण्यास मनाई करणारे १७६३ चे राजाचे फर्मान त्यांना जाचक वाटत होते. त्या प्रसंगाविषयी लिहिताना त्यांना वसाहतवादी म्हटले तर तो शब्द न्यायाचा ठरेल. करांविषयीच्या वाक्यात त्यांची भूमिका वेगळी आहे आणि शब्दही वेगळा हवा.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, कारण तो खुद्द त्या काळच्या लोकांनाही पडला होता. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने न्यायालयीन कागद, वृत्तपत्रे, पंचांगवजा पुस्तिका, इतकेच नव्हे तर पत्ते आणि फासे यांनाही मुद्रांक सक्तीचा केला. त्याला एवढा विरोध झाला की मार्च १७६६ मध्ये तो रद्द करावा लागला. रद्द होण्यापूर्वी फ्रँकलिन यांनी संसदेपुढे साक्ष देताना, वसाहतींचा आक्षेप अंतर्गत करांना आहे, बंदरात मालावर घेतल्या जाणाऱ्या शुल्काला नाही, असा भेद मांडला. मराठीत हा भेद ‘कर’ आणि ‘जकात’ या दोन शब्दांनी सहज दाखवता येतो. १७६७ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंड यांनी याच भेदाचा आधार घेऊन काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्यावर आयात-जकात बसवली. तेव्हा पेनसिल्व्हेनियातील वकील जॉन डिकिन्सन यांनी उत्तर दिले की व्यापाराचे नियमन करण्यासाठी घेतलेली जकात वेगळी, आणि महसूल उभा करण्यासाठी घेतलेली जकात ही नाव काहीही असले तरी करच होय.

बाकीच्या जकाती १७७० मध्ये उठल्या. चहावरची, पौंडभर वजनामागे तीन पेन्सची, तेवढी राहिली. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला, म्हणजे आपल्याही इतिहासातल्या त्याच कंपनीला, आपला चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली आणि तो स्वस्त झाला. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात आंदोलकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. तक्रार रकमेची नव्हती, आकारणी करण्याच्या अधिकाराची होती.

म्हणून आकारणीचा प्रकार सांगायचा असेल तेथे ‘आयात-जकात’ लिहावे, आणि आंदोलकांचे म्हणणे मांडायचे असेल तेथे ‘कर’. आपले वाक्य आंदोलकांच्या बाजूने बोलते, तेव्हा त्यात ‘कर’ हाच शब्द राहू द्यावा : ‘वसाहतवासींनी चहावरील अन्यायी कराविरुद्ध आवाज उठवला.’