काचेवर पाणी येत नाही, मोटरच गेली असेल का?

वायपर व्यवस्थित फिरतात, पण दांडी ओढली की काचेवर थेंबही येत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच "मोटर गेली, बदलून टाकू" असं सांगितलं. मोटर म्हणजे बाटलीतलं पाणी काचेवर ढकलणारा छोटा विजेवरचा पंप. आता हे घरी तपासता येईल का, आणि मोटर खरंच गेली असेल तर स्वतः बदलता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही जमतं. मी स्वतः एकदा चांगली चालणारी मोटर काढून तिथे नवी बसवली आहे. तेव्हा काय करू नये हे मला जरा जास्तच माहीत आहे.

आधी बाटलीत पाणी आहे ना, ते बघा. हसू नका. बाटली बंपरच्या किंवा पुढच्या मडगार्डच्या आत लपलेली असते, वर फक्त तोंड दिसतं. ती गळत असेल तर परवा भरलेलं पाणी आज गायब झालेलं असतं. भरून ठेवा, रात्रभर गाडी एका जागी राहू द्या आणि सकाळी खाली ओल दिसते का ते पाहा.

मग रात्री, सोसायटी शांत झाल्यावर, घरातल्या कुणाला तरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. इंजिन बंद, चावी फक्त ऑन. तुम्ही पुढच्या चाकाशी कान लावून बसा आणि त्यांना दोन-दोन सेकंद दांडी ओढायला सांगा. खालून बारीक घर्रर्र असा आवाज आला तर मोटर जिवंत आहे. एवढ्या एका परीक्षेने अर्धा गोंधळ मिटतो, आणि नेमकी हीच मी केली नव्हती.

आवाज येतोय पण पाणी नाही, म्हणजे दोष बहुधा मोटरच्या पुढे आहे. बॉनेट उघडून नोझलला (काचेवर पाणी फवारणाऱ्या बारीक तोंडाला) येणारी नळी ओढून काढा आणि पुन्हा दांडी ओढायला लावा. नळीतून जोरात धार आली तर नोझल तुंबलंय. धार आली नाही तर बहुधा नळी कुठेतरी निसटली आहे, बॉनेटच्या बिजागरीपाशी वाकून वाकून चिरली आहे किंवा उंदराने कुरतडली आहे. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात येऊन बसतात आणि या नळ्या त्यांना का आवडतात देव जाणे. चिरलेला तुकडा कापून तेवढ्याच मापाची नवी नळी जोडली की झालं. बॉनेटखाली कुठे ओघळ दिसत असेल तर जागा शोधावीही लागत नाही.

नोझल तुंबण्याचं माझं कारण सांगतो. आमच्याकडे बोअरचं पाणी आणि घरात आरओ. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून मी बादलीत साठवायचो आणि तेच वॉशरच्या बाटलीत ओतायचो. बचतीचं बक्षीस म्हणून मनातल्या मनात पाठही थोपटून घ्यायचो. आता, आरओ जे क्षार गाळून वेगळे करतो ते सगळे त्या टाकाऊ पाण्यातच जातात. म्हणजे मी बोअरच्या पाण्यापेक्षाही जड पाणी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून रोज मारत होतो. नळाच्या तोटीवर बसतो तसा पांढरा थर तिथे बसला. धार आधी बारीक झाली, मग लाळेसारखी गळू लागली, मग बंद. मी मोटरला दोष दिला, नवी आणली, अर्धा रविवार घालवून बसवली आणि दांडी ओढली, तर तेच. शेवटी शिवणाच्या सुईने नोझल टोकरलं, वर कापसाने व्हिनेगर लावून ठेवलं आणि तासाभरात कारंजं सुरू. जुनी मोटर मी खणात टाकून दिली. ती पुढे कामाला आली.

आता दुसरी बाजू: आवाजच नाही. इथेही लगेच मोटरवर जाऊ नका. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात वॉशरचा फ्यूज शोधा. बऱ्याच गाड्यांत वायपर आणि वॉशर एकाच फ्यूजवर असतात. तशी तुमची असेल तर, वायपर फिरतात म्हटल्यावर फ्यूज ठीकच आहे. आणखी एक खूण बघा. दांडी ओढल्यावर वायपर आपोआप दोन-तीन फेऱ्या मारतात का? मारत असतील तर दांडीतला स्विच बहुधा आपलं काम करतोय. गाडीला मागे वायपर असेल तर मागचा वॉशरही चालवून पाहा. अनेक हॅचबॅकमध्ये पुढे-मागे मिळून मोटर एकच असते, तिला दोन तोंडं असतात. वीज एका दिशेने दिली की पाणी पुढे, उलट दिली की मागे. अशा गाडीत मागे पाणी येत असेल तर मोटर जळालेली नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

हे सगळं करूनही शांतताच असेल तर मोटरला वीज आणणारा कनेक्टर काढून त्याला टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला, वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा. मल्टिमीटर असला तर उत्तम, पण टेस्ट लॅम्प स्वस्त आणि इथे जास्त प्रामाणिक. गंज लागलेल्या तारेतूनही मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवू शकतो, दिवा मात्र अशा तारेवर मिणमिणतो. लॅम्पची दोन टोकं कनेक्टरच्या दोन पिनांनाच लावा, एक टोक बॉडीला लावू नका. तसं केलं तर अर्थिंगची तार तुटलेली असली तरी दिवा लागेल आणि तुम्ही फसाल. दांडी ओढल्यावर दिवा लख्ख लागला तर वीज येते आहे आणि मोटर घेत नाही, म्हणजे गेली. दिवा लागला नाही तर फ्यूज, तार किंवा स्विच यांपैकी काहीतरी आहे, नवी मोटर बसवून उपयोग नाही. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर आधी ते खरवडून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा पाहा.

माझी मोटर खरोखर गेली ती नंतर. सगळा उन्हाळा बाटली कोरडी होती आणि मी सवयीने दांडी ओढत राहिलो. हा पंप पाण्यावरच थंड राहतो, कोरडा फिरवला की मरतो. जूनच्या पहिल्या पावसात खंबाटकीच्या अलीकडे एका ट्रकने काचेवर चिखलाचा सडा टाकला, वायपरने तो छान सारवला आणि मला समोरचं काही दिसेना. प्यायच्या पाण्याची बाटली खिडकीतून हात काढून काचेवर ओतत साताऱ्यापर्यंत गेलो. घरी आल्यावर खणातली जुनी मोटर काढली.

बदलायचं काम सोपं आहे, पोहोचणं कटकटीचं. बाटली ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे चाकापुढे हात घालायला जागा होते. चाकाच्या वरच्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तराच्या क्लिपा आणि स्क्रू काढा आणि अस्तर बाजूला वाकवा, पूर्ण काढायची गरज सहसा पडत नाही. क्लिपा दोन-चार तुटतातच, त्या आधीच आणून ठेवा. गाडी जॅकवर चढवून खाली शिरू नका, त्याची आवश्यकताच नाही. खाली बादली ठेवा, कारण मोटर काढताच बाटलीतलं सगळं पाणी तुमच्या बाहीत येणार.

कनेक्टर काढा. नळी ताणून ओढली तर फाटते, त्यामुळे तिच्यावर थोडं गरम पाणी ओता, मऊ पडली की फिरवत काढा. दोन नळ्या असतील तर फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढचं पाणी मागे जाईल. मोटर बाटलीला स्क्रूने नाही, ग्रोमेटमध्ये (बाटलीच्या भोकातल्या रबरी कडीत) दाबून बसवलेली असते. आधी तिचं वरचं टोक बाटलीपासून सोडवा आणि मग वर ओढा. ग्रोमेट काढून बघा. त्यात बहुधा एक बारीक जाळी असते आणि कधीकधी सगळा रोग त्या जाळीत साचलेल्या शेवाळातच असतो. रबर कडक झालं असेल तर नवं घाला, नाहीतर तिथूनच गळती सुरू होते. नवी मोटर दाबताना रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर फुगतं.

अस्तर बंद करायच्या आधी बाटली भरून पाच-सहा वेळा चालवून बघा. नळीतली हवा निघायला तेवढं लागतं. धार काचेच्या वरच्या भागात पडेल अशी नोझलची गोळी टाचणीने जरा फिरवा, कारण वेगात गाडी असली की वारा धार खाली दाबतो. बाटलीत भांड्यांचा साबण घालू नका, चिकट थर बसतो. हिवाळ्यात लेह-मनालीकडे जाणार असाल तर साधं पाणी काढून न गोठणारं द्रव घाला, बर्फ झालं तर मोटर आणि बाटली दोन्ही तडकतात.

हे करायचा कंटाळा असेल तर गॅरेजमध्येच द्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त काम सुरू करण्याआधी "कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावून दाखवा" एवढं म्हणा आणि जुनी मोटर परत मागून घ्या. घरी तिला दोन तारा जोडून पाण्याच्या मगमध्ये बुडवा आणि गाडीच्या बॅटरीला एक सेकंद लावा, तारांची टोकं एकमेकांना न लागू देता. मगमध्ये पाणी उसळलं तर उद्या गॅरेजवाल्याशी काय बोलायचं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.