टेक्ससमध्ये चिलीच्या स्पर्धेत मटणाच्या रश्शाच्या वळणावर चिली केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनला येऊन सहाच महिने झालेत, ऑफिसात चिली कुक-ऑफ (चिली करण्याची स्पर्धा; चिली म्हणजे सुक्या मिरच्यांच्या दाट रसात शिजवलेलं मांस) आहे आणि हाताला मटणाच्या रश्शाची सवय आहे. चालेल, कोणी हाकलणार नाही. पण नंबर हवा असेल तर नका करू.

मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. कांदा-खोबरं भाजून वाटण लावलं, वर कांदा-लसूण मसाला. लोकांनी दोनदा मागून घेतलं, पातेलं रिकामं झालं, आणि परीक्षकांकडे माझी वाटी शेवटून दुसरी आली. त्यांच्यातल्या एका वयस्कर टेक्सन गृहस्थांनी नंतर मला बाजूला घेऊन समजावलं: लवंग-दालचिनीचा वास आला की आम्हाला मिरचीची चवच लागत नाही. ते मला पटलं. आपल्याकडे मिरची तिखटपणासाठी आणि रंगासाठी घालतात, चव मसाल्याची असते. चिलीत मिरची हाच मसाला.

म्हणून सगळी मेहनत मिरचीवर घ्या. मेक्सिकन दुकानात सुक्या मिरच्या सुट्या मिळतात. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो, ही मोठी, कमी तिखट मेक्सिकन मिरची. काळपट, मनुकांसारखी गोडसर, तिखट अगदी बेताची. ग्वाहियो लालभडक आणि किंचित आंबट, ती रंगाचं तेच काम करते जे आपल्याकडे ब्याडगी करते. आर्बोल बारीक आणि झणझणीत, दोन-तीन पुरतात. देठ-बिया काढा, तव्यावर वास सुटेपर्यंतच परता (काळी पडली की सगळं पातेलं कडू होतं), गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा आणि वाटण गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका, साल चमच्यात आलेली कळते.

दुकानातली ‘चिली पावडर’ म्हणजे आपलं तिखट नव्हे. टेक्ससमधल्याच न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेबहार्टनं 1890च्या दशकात अशी पूड विकायला सुरुवात केली. आजच्या डब्यांत मिरचीबरोबर बहुधा जिरं, ओरेगॅनो, लसूण असं सगळं असतं. कृतीत चार चमचे लिहिलंय म्हणून घरचं तिखट चार चमचे घातलंत तर कोणी दुसरा घास घेणार नाही.

नियम आधी विचारून घ्या. 1967 साली पश्चिम टेक्ससच्या वाळवंटातल्या टर्लिंग्वाला टेक्ससचे पत्रकार विक फाउलर आणि विनोदी लेखक एच. अ‍ॅलन स्मिथ यांच्यात जो सामना झाला (तो बरोबरीत सुटला), तिथून या स्पर्धांची परंपरा धरतात. त्या परंपरेत राजमा, भात, मॅकरोनी काही चालत नाही. वास, लाल रंग, दाटपणा, चव आणि गिळल्यावर मागे राहणारी चव, एवढंच बघतात. ऑफिसात बहुधा राजमा चालतो, तरी परीक्षक टेक्ससचे असतील तर मी घालणार नाही.

दोन पौंड मांस घ्या, अर्ध्या इंचाचे तुकडे. इथे बीफ चक (गाईच्या खांद्याकडचं मांस) वापरतात. तुम्ही खात नसाल तर टर्की किंवा पोर्क घ्या, पण जे स्वतः चाखणार नाही ते शिजवू नका. चाखल्याशिवाय ही गोष्ट जमतच नाही. तुकडे थोडे-थोडे करून परता, गर्दी केली की पाणी सुटतं. मग स्टॉक, टोमॅटो सॉसचा (केचप नव्हे) 8 औंसांचा एक डबा, कांद्याची आणि लसणाची पूड. पूड बघून नाक मुरडू नका, स्पर्धेत रस गुळगुळीत लागतो, कांद्याचा तुकडा दिसायला नको. दोन अख्ख्या हालापेन्यो (जाड हिरव्या मिरच्या) वर तरंगत ठेवा आणि मऊ झाल्या की काढून टाका.

मसाला एकदम घालू नका, इथले मुरलेले लोक तो टप्प्याटप्प्यानं घालतात. त्या एकेका हप्त्याला ‘डंप’ म्हणतात. मिरचीचं निम्मं वाटण सुरुवातीला, उरलेलं तुकडे मऊ व्हायला लागले की. जिरं मात्र आपल्यासारखं फोडणीत संपवू नका. ताजं भाजून कुटा, थोडं मध्ये घाला आणि बाकीचं चिलीच्या थोड्या पुडीबरोबर शेवटच्या वीस मिनिटांत. परीक्षक झाकण उघडून आधी वास घेतो, आणि दोन तास उकळलेल्या जिऱ्याला वास उरत नाही.

आणखी एक. रस्सा आपण भाकरीशी किंवा भाताशी खातो, म्हणून हात मिठाला-तिखटाला पुढे जातो. परीक्षक चिली नुसती खातो, तीही एक-दोन चमचे, तीही आधीच्या दहा वाट्यांनंतर. स्पर्धेआधीच्या रविवारी एकदा पूर्ण करून बघा आणि घरच्यांना ताट वाढू नका, प्रत्येकाला एकेक चमचाच द्या. पाच मिनिटांनी विचारा, घशाशी काय राहिलं. कडवट म्हणाले तर मिरची जळली आहे, नुसती आग म्हणाले तर आर्बोल कमी करा आणि आंचो वाढवा.