वाचकांचे प्रश्न : पंपाले किती झाकणं?

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. तीन वर्षांची बी.एस्सी. झाले, आता कृषी सेवा केंद्रात बिलं करते. टेक्निकल रायटिंगमध्ये अमेरिकेत एम.ए. करता येतं असं कळलं. बाबा म्हणतात, वावर गहाण ठेवू. हे शिक्षण असतं तरी कशाचं? करू का?

उत्तर : वावर गहाण ठेवू नको. हे आधी लिहून टाकते, बाकीचं मग.

टेक्निकल रायटिंग म्हणजे वस्तू कशी वापरायची, ते वापरणाऱ्याला कळेल असं लिहिणं. तुझ्या काउंटरवरच्या कुठल्याही औषधाचं घडीपत्रक उलगड. समज, त्यात लिहिलंय : हेक्टरी २५० मिली, ५०० लिटर पाण्यात. समोरचा गिऱ्हाईक काय विचारतो? ‘पंपाले किती झाकणं टाकू?’ त्याचं वावर एकरात, फवारणीचा पंप १५ लिटरचा. हिशेब केलास तर पंपाला साडेसात मिली येतात. तो हिशेब त्यानं धुऱ्यावर उभं राहून करायचा? भाषांतरात एकही चूक नाही, आणि तरी त्याच्या कामाचं त्यात काही नाही. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कारणं पुष्कळ होती, सगळं खापर कागदावर फोडणार नाही. पण तेव्हापासून असलं घडीपत्रक मला निवांतपणे वाचता येत नाही.

मीही धुतल्या तांदळाची नाही. पुण्यात पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होते तेव्हा लिहिलं होतं : ‘मोटार सुरू करा. त्याआधी पंपात पाणी भरलेले असावे.’ वाचणाऱ्यानं पहिलं वाक्य वाचलं आणि बटण दाबलं. पंप कोरडा फिरला, सील जळालं. साहेब म्हणाले, नीट वाचत नाहीत लोक. मीही मान डोलावली, त्याची लाज अजून वाटते. ‘त्याआधी’ नंतर कोणी लिहिलं होतं?

एम.ए.त हेच शिकवतात, जरा शिस्तीत : कोण वाचणार, कुठे उभा राहून वाचणार, पानाची मांडणी, संपादन, आणि लिहिलेलं खऱ्या माणसाच्या हातात देऊन तो कुठे अडतो ते बघणं. विमान दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी सोप्या इंग्रजीचा एक नियमसंच आहे, त्यात कृतीचं वाक्य २० शब्दांच्या वर जाऊ देत नाहीत. आमच्याकडच्या सरकारी परिपत्रकाला हा नियम लावला तर निम्मं खातं आजारी पडेल!

टेक्सास टेकला हे एम.ए. ऑनलाइन आहे, आयर्लंडमध्ये लिमरिकलाही आहे. पण अमेरिकेतली बरीच विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण धरतात. तुझे १५ भरतात. ते चालतात का, हे अर्जाची फी भरण्याआधी त्यांना ईमेलनं विचार. आणि काळही बघ. अमेरिकेतली या पेशाची १९५३ पासूनची संघटना २०२५ च्या जानेवारीत बंद पडली. पहिला खर्डा आता मशीनही पाडून देतं. झाकण किती मिलीचं, हे मात्र तुझ्यासारखीनंच मोजायचं आहे.

गूगलचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स फुकट आहे, तो मोबाइलवर उरकून टाक. इंग्रजी रोज लिही; पुण्या-बंगळुरूच्या नोकऱ्या त्याच भाषेत मिळतात. नोकरी लागली की दोन-तीन वर्षांनी, जमल्यास कंपनीच्या पैशानं, एम.ए.चा विचार कर.

या आठवड्यात एवढंच कर. पाच गिऱ्हाइकांना डब्यावरच्या हिरव्या त्रिकोणाचा, म्हणजे औषध किती विषारी ते सांगणाऱ्या खुणेचा, अर्थ विचार आणि उत्तरं जशीच्या तशी, वऱ्हाडीतच, टिपून ठेव. मग एका औषधाची अर्ध्या पानाची सूचना लिही, एकर आणि पंपाच्या हिशेबात. मालकाला दाखवून आकडे तपासून घे, मग शाळा चौथीत सुटलेल्या एखाद्या माणसाला वाचायला दे. तू मधे बोलू नको. तो जिथे थांबेल तिथे पेन्सिलीनं खूण कर. खुणांसकट तो कागद मला पाठव, स्वच्छ प्रत काढत बसू नको.