वाचक विचारतात: घाटातल्या गाडीचं पोस्टकार्ड किती जुनं?

प्रश्न: जुन्या बाजारात ‘भोर घाट रिव्हर्सिंग स्टेशन’ छापलेलं पोस्टकार्ड मिळालं. शिक्का पुसट आहे. साल कसं ओळखावं? जपावं कसं?

उत्तर: चित्रावरून साल ठरवू नका. 1863 मध्ये घाटातला रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हापासून खंडाळ्याजवळ गाडी टोकाला थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघायची. 1929 मध्ये नवा मार्ग आला नि हे थांबलं. जुने ठोकळे मात्र छापखान्यात वर्षानुवर्षं चालत.

आधी पाठ बघा. ब्रिटनने मजकूर आणि पत्ता एकाच बाजूला लिहायची मुभा 1902 मध्ये दिली. पाठीवर मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी मधली रेघ नसेल, मजकूर चित्राखालीच कोंबलेला असेल, तर कार्ड बहुधा त्याच सुमाराचं किंवा त्याआधीचं. मग तिकीट: सातवा एडवर्ड असेल तर 1902 नंतरचं, पंचम जॉर्ज असेल तर 1911 नंतरचं. तिकीट सोलून बघण्याचा मोह टाळा, किंमत तिथेच पडते.

दहापट भिंगाखाली ठिपक्यांच्या नेटक्या रांगा आणि पांढराशुभ्र, गुळगुळीत कागद दिसला तर बहुधा नवी नक्कल समजा.

पीव्हीसीचे पाकीट नको. ते कालांतराने चिकट होतं. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. लॅमिनेशन तर मुळीच नको!