वाचकांचे प्रश्न : शेजच्या बंडापासून सूतगिरणीपर्यंत, मुलांना एका धाग्यात कसं शिकवायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी अमेरिकेत मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवते, आठवी ग्रेड, हे माझं दुसरंच वर्ष. सुरुवातीचं सरकार म्हणजे आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन (राज्यघटनेआधीचा स्टेट्समधला करार), राज्यघटना, बिल ऑफ राइट्स (तिच्या पहिल्या दहा दुरुस्त्या) असं एक युनिट आणि त्यानंतर काही आठवड्यांनी कारखाने, रेल्वे, कामगार असं दुसरं युनिट. पहिल्या युनिटमध्ये मुलं अक्षरशः झोपतात, तीन शाखांचा तक्ता पाठ करतात, टेस्टला बरोबर लिहितात आणि महिन्याभरात विसरतात. दुसऱ्यात फोटो वगैरे असतात म्हणून थोडी जागी होतात पण पहिल्याशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांना कळतच नाही. खरं सांगायचं तर मलाही तो नीट जोडता येत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मीही तक्त्यानेच सुरुवात केली होती, काँग्रेस कायदे करते, प्रेसिडेंट राबवतो, कोर्ट अर्थ लावतं, सगळ्यांना छान मार्क मिळाले. मग एका मुलीने विचारलं की हे सगळं यायच्या आधी देश कसा चालत होता? आणि माझ्या लक्षात आलं की मी उत्तर आधी शिकवलं आणि प्रश्न शिकवलाच नाही. तेव्हापासून मी राज्यघटनेची सुरुवात तिच्या आधी जे फसलं त्याच्यापासून करते.

आर्टिकल्स १७८१ मध्ये लागू झाले. प्रत्येक स्टेटला एक मत, काँग्रेसला टॅक्स लावायचा अधिकार नाही, फक्त स्टेट्सकडे पैसे मागता येतात, प्रेसिडेंट नाही, देशाची स्वतःची कोर्टं जवळजवळ नाहीतच, आणि नियम बदलायचा तर तेराच्या तेरा स्टेट्सची संमती लागते. हे वाक्य म्हणून सांगितलं तर मुलं वहीत उतरवतात आणि संपलं. त्याऐवजी क्लासचे तेरा गट करा, मुलं कमी असली तर जोड्या करा, आणि सगळ्यांना हवी अशी एक गोष्ट मतदानाला ठेवा, पण नियम हा की एकाने नाही म्हटलं तरी प्रस्ताव पडतो. एका गटाला आधीच चिठ्ठी द्या की तुम्ही ऱ्होड आयलंड आहात, नाही म्हणायचं. जो आरडाओरडा होतो ना, तो होऊ द्या. मग सांगा की १७८१ मध्ये काँग्रेसने परदेशी मालावर फक्त पाच टक्के कर मागितला होता, युद्धाचं कर्ज फेडायला, आणि एकट्या ऱ्होड आयलंडने तो हाणून पाडला. नंतर १७८३ मध्ये पुन्हा प्रयत्न केला तर तो न्यूयॉर्कपाशी अडकला.

पगार थकलेल्या सैनिकांनी जून १७८३ मध्ये फिलाडेल्फियात काँग्रेस बसायची त्या इमारतीला वेढा घातला आणि काँग्रेसला शहर सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं, हे मुलांना नक्की सांगा, त्यांना ते कधीच विसरायला होत नाही. आणि स्टेट्स आपसात कसे वागत होते तेही सांगा. न्यूयॉर्कने न्यू जर्सीहून येणाऱ्या बोटींवर फी लावली, तर न्यू जर्सीने त्यांच्या हद्दीत सँडी हुकला असलेल्या न्यूयॉर्कच्या दीपगृहावर महिन्याला ३० पौंड टॅक्स बसवला. हे दीपगृह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग शेजचं बंड. इथे मी दोन दिवस देते आणि कुणी घाई करा म्हटलं तरी देते. १७८६, पश्चिम मॅसॅच्युसेट्स, शेतकरी कर्जात, त्यातले बरेच जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, पगार पूर्ण मिळालेला नाही आणि स्टेट सरकार टॅक्स नाण्यांत मागतंय, म्हणून ते जमाव करून कोर्टं बंद पाडायला निघाले. मुलं विचारतात ते कोर्टावर का गेले, बँकेवर का नाही? फार चांगला प्रश्न आहे. कारण कोर्ट बसलं की निकाल लागतो आणि जमीन जाते, कोर्ट बसूच दिलं नाही तर जमीन वाचते, तेवढ्यापुरती तरी. जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज आणि त्याचे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफ डागली गेली, चार माणसं मेली. ते शस्त्रागार काँग्रेसचं होतं पण ते वाचवायला काँग्रेसकडे स्वतःचं सैन्य नव्हतं, स्टेटचं मिलिशिया (नागरिकांतून उभं केलेलं सैन्यदल) उभं राहिलं आणि बंड मोडायला जी फौज निघाली तिचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून दिला.

आता लगेच सात वर्षं पुढे उडी मारा. १७९४, पश्चिम पेनसिल्व्हेनिया, पुन्हा शेतकरी, पुन्हा टॅक्स, यावेळी व्हिस्कीवरचा. आणि वॉशिंग्टन जवळजवळ १३,००० मिलिशिया घेऊन स्वतः घोड्यावर बसून काही अंतर गेला. मुलांसमोर दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा, मधे काय बदललं? हातात राज्यघटनेच्या पहिल्या आर्टिकलचं आठवं सेक्शन द्या आणि शोधू द्या. टॅक्स लावायचा अधिकार सापडतो, मिलिशिया बोलवायचा सापडतो, स्टेट्समधल्या व्यापाराचे नियम करायचा अधिकार सापडतो आणि मग कुणीतरी ओरडतं, दीपगृह! तक्ता त्यानंतर दाखवा, दहा मिनिटांत होतो.

एका ठिकाणी मात्र अजिबात घाई नको, ती म्हणजे तीन-पंचमांशाची तडजोड. बहुतेक मुलं (आणि बरीच मोठी माणसंही) असं समजतात की गुलामांना तीन-पंचमांश मत होतं. त्यांना मत नव्हतंच. वाद हा होता की स्टेटला काँग्रेसमध्ये किती जागा हे ठरवताना त्यांना मोजायचं की नाही. दक्षिणेला ते पूर्ण मोजायला हवे होते कारण जागा वाढतात, उत्तरेतल्या बऱ्याच जणांना अजिबात नको होते. शेवटी पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची असं ठरलं. म्हणजे ज्यांना माणूस म्हणून एकही हक्क दिला नाही त्यांच्याच संख्येवर मालकांना काँग्रेसमध्ये जास्त ताकद मिळाली. आठवीतल्या मुलांना हे पूर्ण समजतं, त्यांना रागही येतो, तो यायलाच हवा.

आणि इथूनच तुमचं दुसरं युनिट सुरू होतं. उत्तरेतल्या गिरण्यांत जो कापूस यायचा तो याच लोकांनी वेचलेला. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं कापसातून सरकी काढायचं यंत्र आलं, मुलांना वाटतं यंत्राने काम कमी झालं असेल, झालं उलटंच, सरकी काढणं सोपं झाल्यावर जास्त कापूस लावणं फायद्याचं झालं. १७९० च्या जनगणनेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. शोध लावणाऱ्यांची यादी एका दिवसात उरका, या एका यंत्राला मात्र वेळ द्या.

दोन्ही युनिट जोडायला मी फळ्यावर एकच प्रश्न सतत ठेवते, "हा नियम करायचा अधिकार कुणाचा?" काँग्रेसचा, स्टेटचा, मालकाचा, की कुणाचाच नाही? मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापड गिरणीत मुली दिवसाला १२-१३ तास काम करत होत्या. १८४५ मध्ये त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, त्यांना मत द्यायचा हक्क नव्हता पण अर्ज करायचा होता, तो त्यांनी वापरला. कमिटीने त्यांची साक्ष घेतली आणि कायदा मात्र केला नाही, हे आमचं काम नाही म्हणाले. मुलांना विचारा, मग कुणाचं काम?

प्रश्न : मी शिक्षक नाही, पालक आहे. मुलगी सातवीत आहे, तिने विचारलं की काँग्रेसला दोन सभागृहं कशाला, एकात भागलं नसतं का? मी म्हटलं तशी पद्धत आहे. तिला ते पटलं नाही आणि मलाही नाही.

उत्तर : दादा, तिला दोन आकडे द्या. १७९० च्या जनगणनेत डेलावेअरमध्ये साधारण ५९ हजार लोक होते आणि व्हर्जिनियात सात लाखांच्या वर. आता तिला सांगा, तू डेलावेअर, मी व्हर्जिनिया, मतं लोकसंख्येवर द्यायची की सारखी? जेवणाच्या टेबलावर भांडा. मग बाजू बदला आणि पुन्हा भांडा. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना नेमका हाच वाद अडला होता, खिडक्या बंद, बाहेर काही बोलायचं नाही असा नियम, आणि १६ जुलैला तोडगा निघाला की एका सभागृहात लोकसंख्येवर जागा आणि दुसऱ्यात प्रत्येक स्टेटला सारख्या. सगळे खूश होते असं तिला सांगू नका. एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले, शेवटी सही ३९ जणांनी केली.

प्रश्न : मॅडम, मी औद्योगिक काळाच्या युनिटमध्ये बालमजुरांचे फोटो दाखवतो. काही मुलं हसतात, एक मुलगी रडली. मी क्लासमध्ये फॅक्टरीचं नाटक करायचा विचार करतोय. सहकारी म्हणतात गुलामगिरीचंही तसंच करून दाखव म्हणजे मुलांना "फील" येईल. करावं का?

उत्तर : गुलामगिरीचं नाटक करू नका सर, लिलाव, जहाज, काहीही नको. कुणाला तरी मालक आणि कुणाला तरी गुलाम व्हावं लागतं, आणि वर्गात ज्या मुलांच्या पूर्वजांचं ते खरंखुरं आयुष्य होतं त्यांना आपण सगळ्यांसमोर पुन्हा तिथे उभं करतो. त्यापेक्षा स्वतः गुलामीतून गेलेल्या माणसांनी जे लिहून-सांगून ठेवलंय ते वाचा. फॅक्टरीचं चालेल, कागद दुमडायची लाइन लावा, वेग वाढवा, दर कमी करा, वीस मिनिटं पुरे, आणि नंतर तेवढाच वेळ बोला.

फोटोंबद्दल. ते बहुतेक फोटोग्राफर लुईस हाईनचे असतील, बालमजुरीविरोधात काम करणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी १९०८ पासून काढलेले, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर पाच हजारांहून जास्त फोटो फुकट आहेत. मुलं हसतात कारण त्यांना अवघडल्यासारखं होतं, रागावू नका. फोटो एकदम दहा दाखवू नका, एकच दाखवा, फोटोखालच्या ओळी झाकून, आणि तीन मिनिटं नुसतं बघायला लावा, पाय अनवाणी आहेत का, मशीन मुलीच्या किती वर आहे, मागे कोण उभं आहे. मग हाईनने लिहिलेली ओळ उघडा. तो स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मुलांची उंची मोजायचा, कधी मशीनचे फोटो काढायला आलोय असं सांगून आत शिरायचा. माहिती गोळा करायची पद्धत म्हणूनही मुलांना हे शिकता येतं. आणि रडलेल्या मुलीशी तासानंतर दोन मिनिटं बोला, बास.

पण तिथेच थांबू नका कारण खरी गोष्ट पुढे आहे. १९१६ मध्ये काँग्रेसने किटिंग-ओवेन कायदा केला. १४ वर्षांखालची मुलं कामाला ठेवणाऱ्या, किंवा १४ ते १६ च्या मुलांना दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त वा रात्री राबवणाऱ्या कारखान्याचा माल दुसऱ्या स्टेटमध्ये पाठवायला बंदी. नीट बघा, कारखान्यावर बंदी नाही, मालाच्या प्रवासावर बंदी, कारण काँग्रेसच्या हातात स्टेट्समधला व्यापार होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या शार्लटमधला रोलंड डागेनहार्ट नावाचा बाप कोर्टात गेला, त्याची दोन मुलं गिरणीत होती आणि त्याला त्यांचा पगार हवा होता. १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला.

आता गंमत बघा (मला हे दरवेळी सांगताना अंगावर काटा येतो), निकालात न्यायमूर्ती डे यांनी लिहिलं की जे अधिकार राष्ट्रीय सरकारला "स्पष्टपणे" दिलेले नाहीत ते स्टेट्सचे. पण हा नियम जिथून घेतला त्या राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीत "स्पष्टपणे" हा शब्दच नाही! तो आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनमध्ये होता. १७८९ मध्ये तो दुरुस्तीत घालायचा प्रयत्न झाला आणि तो मतदानात पडला. मुलांना आर्टिकल्स, दहावी दुरुस्ती आणि निकाल हे तिन्ही मजकूर शेजारी शेजारी द्या आणि फरक शोधायला सांगा. शब्द सापडतो तेव्हा क्लासमध्ये जे होतं ते मी कितीही वेळा बघायला तयार आहे, कारण सप्टेंबरमध्ये कंटाळून वाचलेला तो जुना मजकूर जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी गिरणीतल्या मुलाच्या आड येतो.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. १९२४ मध्ये बालमजुरीविरोधी घटनादुरुस्ती काँग्रेसने पास केली, ती पुरेशा स्टेट्सनी कधीच मंजूर केली नाही. १९३८ मध्ये बालमजुरीवर देशभर बंधनं घालणारा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आला आणि १९४१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मान्य करताना डागेनहार्टचा निकाल मोडीत काढला. डिबेट घ्यायचा तर बापाची बाजूही कुणालातरी प्रामाणिकपणे मांडायला द्या, त्या घराला तो पगार लागत होता हे खरंच आहे. आणि मग सांगा की काही वर्षांनी एका पत्रकाराने डागेनहार्टच्या त्या दोन मुलांतल्या रूबेनला गाठलं तेव्हा त्याला केस जिंकल्याचं काहीच वाटत नव्हतं, शाळेत जायला मिळालं नाही याचंच दुःख होतं.

प्रश्न : तारखा किती पाठ करून घ्यायच्या?

उत्तर : मी पाचच घेते, १७८१, १७८७, १७९१ (बिल ऑफ राइट्स लागू झालं), १९१८, १९३८. बाकीच्या कार्डांवर लिहून भिंतीवर दोरीला लावायच्या आणि मुलांनाच क्रमाने लावू द्यायच्या. त्यात दोन कार्ड मुद्दाम घाला. मे १७९०, राज्यघटनेला कायम नाही म्हणणाऱ्या ऱ्होड आयलंडने ३४ विरुद्ध ३२ मतांनी शेवटी हो म्हटलं, तेरातलं सगळ्यात शेवटचं स्टेट. डिसेंबर १७९०, त्याच ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेटला सॅम्युएल स्लेटरची पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू झाली, पहिल्या कामगारांत नऊ मुलं, वय ७ ते १२. ही दोन कार्डं दोरीवर एकमेकांना चिकटतात, तुम्ही काही बोलू नका, कुणीतरी बोट दाखवेपर्यंत थांबा.