रायबोझोम केंद्रकीत तयार होतात, तर ते तिथेच प्रथिने का बनवत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की, रायबोझोम (पेशीतील प्रथिने बनवणारी यंत्रे) केंद्रकीत (केंद्रकातील दाट भाग, न्यूक्लिओलस) तयार होतात असे पुस्तकात लिहिले आहे, तर मग ते तिथेच कामाला का लागत नाहीत. लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना ही शंका मला क्वचितच ऐकायला मिळते, म्हणून सविस्तर लिहितो. पुस्तकातले ते वाक्य अर्धे आहे : जुळणी केंद्रकीत सुरू होते, पण पुरी होते केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यात.

माणसाच्या पेशीत केंद्रकीमध्ये आधी 47एस (एस हे रेणूच्या आकारमानाशी निगडित एकक) हा लांब आरएनए तयार होतो आणि त्याच्या काटछाटीतून 18एस, 5.8एस व 28एस हे तुकडे मिळतात. 5एस हा चौथा केंद्रकीबाहेरून येतो. त्यांना जोडायची सुमारे 80 प्रथिने जुन्या रायबोझोमांनी पेशीद्रव्यात बनवलेली असतात आणि ती केंद्रकपटलाच्या छिद्रांतून आत येतात. शिवाय 200 हून अधिक साहाय्यक प्रथिने लागतात. स्लॅब पक्का होईपर्यंत खाली सेंटरिंग असते आणि मग ते काढून घेतात, तशी ही प्रथिने जुळणीपुरती राहतात व टप्प्याटप्प्याने सुटतात. जोमाने वाढणारी यीस्टची पेशी अशा रीतीने मिनिटाला सुमारे 2000 रायबोझोम घडवते.

तुमच्या शंकेचे खरे उत्तर शेवटच्या टप्प्यांत आहे. रायबोझोमाचे दोन भाग, म्हणजे मोठे आणि लहान उपएकक, केंद्रकातून वेगवेगळे बाहेर पडतात, आणि दोन्ही अपुरे असतात. मोठ्या उपएककाच्या ज्या बाजूला लहान उपएकक टेकायचे, नेमके तिथेच ईआयएफ6 हे प्रथिन बसलेले असते. पेशीद्रव्यात एसबीडीएस आणि ईएफएल1 ही प्रथिने त्याला हटवतात, तेव्हाच दोघांची जोडी जमू शकते. लहान उपएककातील 18एसचे जादा शेपूटही बाहेर आल्यावरच कापले जाते. यीस्टमध्ये तर त्यापूर्वी हे लहान उपएकक तयार मोठ्या उपएककाशी, एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारा आरएनए) नसतानाच, जोडले जाऊन पारखले जाते असे दिसले आहे. मला हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो, कारण अर्धवट रायबोझोमाने एमआरएनए वाचू नये याची पेशी किती काळजी घेते, हे इथे दिसते.

एसबीडीएसच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना श्वाखमन-डायमंड सिंड्रोम होतो. त्यांच्या रक्तातील न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी कमी पडतात आणि स्वादुपिंडातून पाचक विकरे पुरेशी येत नाहीत.

नीटच्या पेपरात केंद्रकी ही आरआरएनए (रायबोझोममधील आरएनए) संश्लेषणाची जागा आहे असा पर्याय दिसला, तर तो निःशंकपणे निवडावा. केंद्रकीबाहेरून येणारा 5एस सोडला, तर ते विधान बरोबर आहे.