आजोबांच्या सूतदुकानाच्या वह्या

प्रश्न : आमच्या साखर पेठेतल्या जुन्या सूतदुकानाच्या मोडीतल्या वह्या सापडल्या आहेत. शके १८४५ पासून पुढच्या. गावातल्या विणकामाचा इतिहास त्यातून कसा काढावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वह्या आधी जपा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. शिवण न उसवता प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानेसुद्धा, म्हणजे क्रम चुकत नाही.

वाचन कीर्दीपासून (रोजच्या नोंदींची वही) सुरू करा, खतावणी (खातेवार वही) नंतर. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च-उधारी. खरी गफलत तारखेत होते. व्यापाऱ्याची वही दिवाळी पाडव्याला सुरू होते, शक मात्र चैत्रात बदलतो. त्यामुळे एकाच वहीत दोन शके येतात. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. म्हणजे शके १८४५चा कार्तिक १९२३चा, पण फाल्गुन १९२४चा.

रकमा रुपये-आणे-पैत आहेत : एका रुपयाचे १६ आणे, म्हणजे १९२ पै. उभी दंडी म्हणजे पाव रुपया, आडवी रेघ म्हणजे आणा. आणे दशांशात घालू नका. ५ रुपये ६ आणे म्हणजे ५.३७५, ५.६ नव्हे. सगळी रक्कम पैत करून बेरीज केलेली बरी.

भावाबरोबर सुताचा नंबर टिपलाच पाहिजे. २० नंबरच्या एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लडी, ४० नंबरच्या पौंडात ४०; म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक आणि महाग. नंबर वगळून भावांचा तक्ता केलात, तर बारीक सूत घेतलेला महिना महागाईचा दिसेल.

आणि उधारीची खाती सोडू नका. कोणत्या विणकराने किती सूत उचलले, फेड रोकड केली की लुगड्यांत, हे गिरणीच्या अहवालात मिळत नाही.